म्वुंगु

सियूच्या खाडीत ओहोटी लागली
की होडी चिखलात बसते,
म्हणून आम्हांला घाई.
पण म्वानाहावाबाईंनी आधी आल्याची कॉफी दिली,
कप रिकामे होईपर्यंत पलंगाचं नाव काढू दिलं नाही.

मी फुंदी कोंबोंच्या हाताखालचा पोरगा.
लाकडी हातोडा माझ्याकडे, वहीही माझ्याकडे.
गिऱ्हाईक लामूचं, हॉटेलवालं,
जुन्या खाटांवर त्याला नवे पाहुणे झोपवायचेत.

फुंदी सांगत गेले, मी लिहीत गेलो.
तेंडेगु, म्हणजे खूर. चार.
कातीव, लाल-काळी लाख, एकाला उंदरानं कुरतडलेलं.
म्फुंबाती, म्हणजे गाते. दोन.
किताकिझो, उशाकडचं एक, पायथ्याकडचं एक.
काथ्याची दोरी नको, तिच्यात ढेकूण असतात.
प्रत्येक शब्दापुढे शिलिंगाचा आकडा.

"आणि म्वुंगु?" बाई म्हणाल्या.

फुंदी हसले. मीही, ते हसले म्हणून.
म्वुंगु म्हणजे खाटेखालची जागा.
तिला लाकूड नाही, कुसू नाही,
रंधा कुठून चालवणार?
खाट उचलली की ती
खोलीत मिसळून जाते,
भरतीत डबकं जातं तशी.

"सत्तावन्न वर्षं मी ती झाडली," बाई म्हणाल्या,
"तिचाही आकडा लिही."

मग एकेक सामान बाहेर ओढलं.
पत्र्याची ट्रंक. नारळ खवायची घोडी, दात गेलेली.
धुपाटणं. नवऱ्याची एकच चप्पल
(दुसरी कुठे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं).
आणि एक ताटली, ॲल्युमिनियमची, लहान.

"अथुमानीची. रुसला की तो तिथे राहायला जायचा.
दोन-दोन दिवस. मी ताटली आत सरकवायचे, पायानं."
"वाकून बोलवायचं की."
"मी कशी वाकणार? रुसला तो होता."

आमच्याकडे म्हण आहे:
खाटेखालचं हवं असेल त्यानं वाकावं.
शाळेत मास्तर ती पाठीवर छडी मारताना वापरायचे.
फुंदींनी ती मला ऐकवली
आणि खुंटी ढिली करायला आत पाठवलं.

आत धूळ, थंड चुन्याची जमीन,
माणसं घोट्यापर्यंतच दिसत होती.
आवाज मात्र सगळे स्पष्ट. बाई म्हणत होत्या,
भाव कमी आहे, पण असू दे.
मी मान वळवली.
गात्याच्या आतल्या अंगाला
कोळशानं काढलेली होडी. शीड फुगलेलं.
शेजारी अथुमानी, थुचा उकार उलटा.
आणि रेघा, बऱ्याच, पाच-पाचच्या जुड्या.
दिवस असतील. किंवा ताटल्या.

मी बाहेर आलो तो खोकत.
काही बोललो नाही. कुणाच्या घरात
काय बोलावं, अजून शिकतोय.
फुंदी म्हणाले, उलटी कर,
आणि आम्ही दोघांनी खाट पालथी केली,
चारी खूर छताकडे,
सणाच्या बकऱ्यासारखे.

म्वुंगुवर ऊन पडलं.

बाई उभ्याच होत्या. वाकावं लागलंच नाही.
त्यांनी बघितलं, पदर तोंडाशी नेला, मग काढला.
"हा उकार," त्या म्हणाल्या, "त्याला कधी जमलाच नाही."
अथुमानी आता कुठे असतो, मी विचारलं नाही,
फुंदींनी विचारलं नाही,
त्यांनीही सांगितलं नाही.

बऱ्याच वेळानं:
"या एका गात्याचे किती?"
फुंदींनी माझ्या हातून पेन्सिल घेतली,
दोनाचं एक केलं, एकूण बदललं नाही.
हॉटेलच्या पलंगाला आता
एक बाजू आंब्याची आहे, लाख लावून
आम्ही ती जुनी करून दिली.

होडी चिखलात बसलीच.
रात्री भरतीची वाट बघत
मी कंदिलाच्या उजेडात वही काढली.
शेवटच्या ओळीत म्वुंगु लिहिलेलं,
पुढची जागा कोरी.
फुंदी तेंडेगुंवर डोकं टेकून घोरत होते,
आणि होडीखाली पाणी
थोडं थोडं शिरत होतं.